लीथच्या मैफलीत माझी फर्माईश

लोक एडिनबऱ्याला किल्ला बघायला जातात, मी बहिणीला परत आणायला गेले होते. किल्लाही बघितला, नाही असं नाही. पण अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी जन्म काढलेल्या बाईला दुसऱ्याच्या किल्ल्याचं कौतुक ते किती असणार? दुपारी एकला तिथे तोफ उडवतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तोफ उडाली, मी दचकले आणि हातातली कॉफी शेजारच्या जर्मन गृहस्थांच्या पायावर. त्यांनीच माझी माफी मागितली. तिकडच्या सभ्यतेचा पहिला धडा मला असा मिळाला.

वसू माझी धाकटी बहीण, सहा वर्षांनी लहान. चौतीस वर्षांपूर्वी लग्न होऊन एडिनबऱ्याला गेली, तिथल्या एका हॉस्पिटलात एक्स-रेच्या खात्यात नोकरी केली आणि निवृत्त झाली. मूलबाळ नाही. गेल्या ऑक्टोबरात तिचे यजमान दिलीपराव हार्ट अटॅकने एकाएकी गेले. आमचे अण्णा, म्हणजे थोरले भाऊ, तेव्हापासून एकच प्रश्न विचारत होते, "आता तिथं कोण आहे तिचं?" आम्हा सगळ्यांचं उत्तर एकच, कुणी नाही. म्हणून अण्णांनी वरच्या मजल्यावरची खोली रंगवून घेतली आणि मे महिन्यातल्या चौथ्या रविवारची परतीची दोन तिकिटं काढली. एक माझं, एक वसूचं. फोनवर वसू आधी "बघू" म्हणाली होती, मग एकदा "बरं" म्हणाली. आम्ही भावंडांनी त्यातलं "बरं" तेवढं ऐकलं.

मी तीस वर्षं मुलींच्या शाळेत संगीत शिकवलं. त्यामुळे सूर असो की माणूस, चुकीच्या जागी लागलेला दिसला की उचलून योग्य जागी ठेवायची मला खोड आहे. अण्णांनी मला उगीच नाही पाठवलं.

पहिले तीन दिवस

वसूचं घर लीथला, म्हणजे शहराच्या बंदराच्या बाजूला. करड्या दगडाची जुनी इमारत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. जिना सहा बिऱ्हाडांचा सामाईक आणि तो धुवायची पाळी ठरलेली. ज्याची पाळी त्याच्या दाराच्या मुठीला एक पुठ्ठ्याची पाटी अडकवलेली असते. माझं काम झालं, आता तुझं, असा त्याचा अर्थ. मी गेले त्या आठवड्यात पाटी वसूच्या दाराला होती. मला वाटलं, पंधरा दिवसांत कायमची निघणारी बाई कशाला जिना धुतेय! पण मंगळवारी सकाळी सातला ती बादली आणि ब्रश घेऊन जिन्यात गुडघ्यांवर बसली होती.

"अगं, राहू दे ना. तू जाणार आहेस, त्यांना माहीत आहे की."

"ताई, टर्न इज टर्न. मिसेस केर वरून येतात, त्या एटी-थ्री आहेत. पाय घसरला म्हणजे?"

जिना लख्ख झाला. घरातलं सामान मात्र होतं तिथेच होतं. पुठ्ठ्याचे बारा खोके मी पहिल्याच दिवशी मागवले होते. त्यातला एक भरला होता, तोही मी. दिलीपरावांचे बूट दारात तसेच. मी ते उचलायला गेले तर वसू म्हणाली, "असू दे गं, नंतर," आणि ओट्याकडे वळली. रोज दुपारी साडेचारला, म्हणजे साताऱ्यात रात्रीची जेवणं झाली की, अण्णांचा फोन यायचा. पहिला प्रश्न, "पॅकिंग किती झालं?" मी सांगायचे, "चालू आहे." इतकं खोटं मी जन्मात बोलले नव्हते.

संध्याकाळी आम्ही बंदरावर फिरायला जायचो. कधी समुद्रावरून धुकं असं येतं की समोरचं जहाज मध्येच संपतं आणि मे महिन्यात अंगावर स्वेटर चढतो. येताना बटाट्याच्या गरम चिप्स घ्यायच्या. दुकानदार विचारतो, "सॉल्ट अँड सॉस?" हा सॉस म्हणजे आंबटगोड, पातळ, काळपट प्रकार. वसू म्हणाली, ग्लासगोची माणसं याला नाक मुरडतात आणि एडिनबऱ्याची माणसं त्यावरून भांडतात. मिसळीच्या रश्श्यावरून आपण कोणकोणत्या गावांशी वैर धरलंय ते आठवून मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

गुरुवार

गुरुवारी सकाळी इशा आली. दिलीपरावांच्या मित्राची ही मुलगी, जन्म इथलाच, हॉस्पिटलात डॉक्टर. मराठी बोलायची तिला हौस फार. आल्या आल्या माझ्या पाया पडली.

"मावशी, आज सेकंड थर्सडे आहे. क्लबमध्ये मोरॅग येणार. वसूकाकू येत नाही, ऑक्टोबरपासून एकदा पण नाही. तुम्ही सांगा ना तिला."

क्लब म्हणजे लीथमधल्या एका पबची मागची खोली. तिथे दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी लोकगीतं गाणारे जमतात. मोरॅग ही स्वतः गाणी लिहून गाणारी स्कॉटिश बाई, फाइफच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या गावची. दिलीपराव या क्लबात अकरा वर्षं गात होते. आमच्या घरच्या ग्रुपवर ते कधीमधी त्याचं रेकॉर्डिंग टाकायचे. बाकी सगळे न ऐकताच हात जोडलेले पाठवायचे. मी मात्र ऐकायचे आणि लिहायचे, "धैवत चढा लागतोय." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "होय बाई, छडी नको."

वसूने हातातली कपबशी विसळली, पुसून ठेवली. मग म्हणाली, "चल, ताईला दाखवायला म्हणून जाऊ. लास्ट टाइम."

मला बरं वाटलं. निरोप घेऊन झाला की माणसाचा पाय मोकळा होतो, असा माझा हिशेब.

साडेसातला आम्ही खोलीत शिरलो. चाळीसेक खुर्च्या, रंगमंच नाही, माइक नाही. दाराशी ॲलन नावाचे सत्तरीचे गृहस्थ वही घेऊन बसले होते. नळदुरुस्तीच्या धंद्यातून निवृत्त झालेले आणि क्लब चालवणारे. ज्याला गायचंय त्याने वहीत नाव लिहायचं. वसूला बघून ते उठले, तिचे दोन्ही हात हातात धरून उभे राहिले आणि मग परत बसले.

मुख्य पाहुणीच्या आधी गावातल्या लोकांनी एकेक गाणं म्हणायचं, अशी तिथली पद्धत. आपल्याकडे मुख्य गायकाच्या आधी कुणी गायला बसलं की श्रोते घड्याळ बघतात. इथे कुणी पापणी हलवली नाही. खुद्द ॲलननी डोळे मिटून कुण्या बुडालेल्या जहाजाचं चौदा कडव्यांचं गाणं म्हटलं. मी मोजली. आवाज घोगरा, पण एक शब्द अडखळला नाही. ध्रुपद आलं की अख्खी खोली गाऊ लागायची, आणि तेही एका सुरात नव्हे. कुणी खालून, कुणी वरून, प्रत्येकाचा सूर निराळा आणि तरी भांडण नाही. आमच्या भजनी मंडळात एकीचा सूर निराळा लागला तर आठवडाभर बोलणं बंद होतं.

मग मोरॅग उठली. पन्नाशीची, आडव्या बांध्याची, पांढरे केस कापलेले, पायात चिखलाचे बूट. गिटार लावायला तिने पाच मिनिटं घेतली. तारा पिळता पिळता ती आपल्या गावच्या पाद्र्याची आणि त्याच्या बकरीची गोष्ट सांगत होती. तिचं इंग्रजी मला निम्मं कळेना. इशा ते इंग्रजीतून इंग्रजीत करून कानात सांगायची. पहिलं गाणं सुरू झालं आणि मी चमकले. पाच सुरांतलं, सरळ, जवळजवळ भूप! मी इतक्या लांब आले आणि भूप माझ्याआधी येऊन बसलेला. तिसऱ्या कडव्यात ती वरच्या षड्जावर अशी अलगद जाऊन थांबली की माझ्या तोंडून निघून गेलं, "वा!"

उचलली जीभ लावली टाळ्याला. चाळीस माना माझ्याकडे वळल्या. तिथे गाणं संपेपर्यंत खोकतसुद्धा नाहीत. वसूने डोळे मिटून घेतले. मोरॅगने गाणं संपवलं आणि विचारलं, "ते काय होतं?" इशाने सांगितलं, आमच्याकडे आवडलं की मध्येच सांगतात, शेवटापर्यंत थांबत नाहीत. "शहाणी पद्धत आहे," मोरॅग म्हणाली. "इथे मला घरी जाईपर्यंत कळत नाही."

मध्यंतरात वसूभोवती माणसं जमली. सांत्वन वगैरे कुणी करत नव्हतं. एकाने बागेतल्या गोगलगायींचा उपाय विचारला, एकीने गुडघ्याचा एक्स-रे मोबाइलवर दाखवला. एका आजींनी घरून डबाभर टॅब्लेट आणलं होतं. हे गोळ्या-औषधांपैकी काही नव्हे. साखर, लोणी आणि आटवलेलं दूध यांची चौकोनी, रवाळ वडी. मी दोन खाल्ल्या आणि पाक जरा पुढे गेलाय असं मत दिलं. वसूने ते भाषांतर करायचं टाळलं. आणि मग ती हसली. मी गेल्यापासून पहिल्यांदा.

तिथेच माझ्या डोक्यात किडा वळवळला. दिलीपराव नेहमी म्हणायचे ते एक गाणं मला फार आवडायचं. मासळी कापायला गावोगाव फिरणाऱ्या मुलींचं. बोटांना चिंध्या बांधलेली एक मुलगी आईला पत्र लिहिते, की दार नुसतं लोटून ठेव, मासळी संपली की मी येते. मासळी काही संपत नाही. दिलीपरावांसारखा वाईचा सव्वासहा फुटी, मिशाळ इंजिनिअर ती मुलगी होऊन गायचा आणि ऐकताना हसू यायचं नाही. वसूला जाण्याआधी ते एकदा ऐकवावं, असं मला वाटलं. हेतू चांगलाच होता. शिवाय ती मोरॅगचीच रचना आहे, हेही त्यांनी मला कधी तरी कळवलं होतं. मग अडचण कसली?

उत्तरार्ध सुरू होताच मी पर्समधून कागद काढला. नाव ठाऊक नव्हतं म्हणून इंग्रजीत लिहिलं, "मासळी कापणाऱ्या मुलीचं पत्र, कृपया." घडी घातली आणि पुढच्या खुर्चीतल्या माणसाच्या खांद्याला बोट लावून पुढे दिली, आपण आयुष्यभर देतो तशी. आपल्याकडे अशी चिठ्ठी पुढे जाताना वाटेतला प्रत्येक जण उघडून वाचतो, एखादा त्यात स्वतःची फर्माईशही घालतो. इथे सहा हातांतून गेली, पण दुसऱ्याची चिठ्ठी म्हणून एकानेही उघडली नाही. उघडली असती तर कुणी तरी नक्की थांबवली असती.

मोरॅगने ती वाचली. गिटारवरचा हात खाली घेतला.

"ही कुणाची?"

मी हात वर केला, वर्गातल्या हुशार मुलीसारखा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

"मावशी," इशाने कानात विचारलं, "काय लिहिलं तुम्ही?" मी सांगितलं. तिचा चेहरा उतरला. "ओ नो. तो गाणं दिलीपकाकाचा आहे. इथे कोणी नाही म्हणत."

"अगं, पण लिहिलंय तर हिनेच ना?"

इशाने भराभर समजावलं. या क्लबात प्रत्येकाचं आपलं एक गाणं असतं. कुठे लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना माहीत. तो माणूस असेपर्यंत त्या खोलीत ते दुसरं कुणी म्हणत नाही. तो गेला की घरची माणसं ज्याला देतील त्याचं होतं. तोवर गप्प.

मोरॅग हळू आणि माझ्यासाठी सोपं इंग्रजी बोलली. "हे मी माझ्या आजीवर लिहिलं. बाहेर सगळीकडे गाते. पण अकरा वर्षांपूर्वी त्या कोपऱ्यातल्या माणसाने ते इथे म्हटलं आणि त्यानंतर या खोलीत ते माझं राहिलं नाही." मग तिने वसूकडे पाहिलं. "आता कुणाचं, ते वसूने सांगायचं. किंवा न सांगायचं."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आपल्याकडच्या खाँसाहेबांच्या गोष्टी मी मुलींना रंगवून सांगितल्यात. घराण्याची बंदीश बाहेरच्याला मिळू नये म्हणून अर्धीच शिकवायचे, काही बंदिशी त्यांच्याबरोबरच गेल्या. पण इथे त्या गाण्याचा शब्द न् शब्द चाळीस जणांना पाठ होता, आणि सात महिने सगळ्यांनी तोंडं मिटून ठेवली होती, माझ्या बहिणीसाठी. "तिथं कोण आहे तिचं?" अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर खुर्च्यांवर बसलं होतं. ते मला दिसलं आणि मी घाबरले. कारण ते वसूलाही दिसत होतं.

वसू उठली. मला वाटलं, ती बाहेर जाणार. ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

"आज नको," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात. मी म्हणेन."

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. मागून कुणी तरी हळूच "आय" म्हणालं, म्हणजे बरं. ॲलननी वही उघडली, पुढच्या महिन्याचं पान काढलं आणि पेन्सिलीने तिचं नाव लिहिलं. माझ्या मनात मात्र तारखा फिरत होत्या. पुढच्या महिन्याचा दुसरा गुरुवार जूनमध्ये. आमचं विमान मे महिन्यात. इशाने माझा हात घट्ट धरला. तिला विमानाचं ठाऊक होतं.

मोरॅगने त्यानंतर तीन गाणी म्हटली. मला त्यातलं एकही आठवत नाही.

बाहेर आलो तेव्हा पावणेदहा झाले होते आणि आकाशात चक्क उजेड होता. त्या उजेडाचाही मला राग आला. बसस्टॉपपर्यंत मी धीर धरला, हेच खूप.

"वसू, तू काय बोललीस ते कळलं का तुला?"

"हो."

"आणि तिकीट? अण्णांनी खोली रंगवली, त्याचं काय?"

"ताई, खरं सांगते, उभी राहिले तेव्हा मला माहीत नव्हतं. आय थॉट मी सांगेन, ॲलनला देते. तोंडातून हेच आलं." ती रडत नव्हती. "आणि आल्यावर रिलीफ वाटला गं. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा."

मी रडले. भर रस्त्यात, रुमाल न काढता. सात महिने मी तिला एकटी समजून झोपले नव्हते, आणि आता ती एकटी नव्हती याचं मला दुःख होत होतं. माणूस किती आप्पलपोटं असतं! आमची बस आली आणि गेली. दुसरीची वाट बघताना वसू म्हणाली, "पण एक प्रॉब्लेम आहे."

"कसला आता?"

"मला गाता येत नाही."

हे मात्र शंभर टक्के खरं. आमच्या घरात सूर मला आणि अण्णांना मिळाला. वसूला लहानपणी आरतीतसुद्धा टाळ देऊन मागे उभी करायचे.

"अकरा वर्षं मी दिलीपचे कोट सांभाळत बसायचे. वर्ड्स येतात. ट्यून नाही."

मी डोळे पुसले. "म्हणून दाखव."

"इथे? बसस्टॉपवर?"

"इथेच."

तिने दोन ओळी म्हटल्या. दोन्ही दोन वेगळ्या पट्ट्यांत. स्टॉपवरच्या एका तरुणाने कानातली यंत्रं घाईघाईने परत घातली.

शुक्रवारपासून

उरलेले नऊ दिवस आम्ही काहीही बघितलं नाही. राजवाडा राहिला, डोंगर राहिला, तळ्यातल्या राक्षसाची सहल रद्द केली. सकाळी ओट्सच्या पिठाचं थालीपीठ खाऊन झालं की वसूला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवायचं, मोबाइलवर तंबोरा लावायचा आणि सा धरायला लावायचा. पहिले दोन दिवस तो सा तिच्या हातून साबणासारखा निसटायचा. मी ओरडले, ती रुसली. "तू शाळेत पण अशीच होतीस का? हॉरिबल," असं म्हणाली. तिसऱ्या दिवशी मिसेस केर वरून खाली आल्या. मला वाटलं तक्रार असेल. त्या म्हणाल्या, खिडकी उघडी ठेवाल का, मला वर अर्धवट ऐकू येतं.

खोक्यांचं काय करायचं ते न बोलता ठरलं. अकरा रिकामे होते, ते मी दुमडून जिन्याखाली ठेवले. भरलेला वसूने सोडला.

अण्णांना सांगायचं माझ्याच्याने होईना. रोज साडेचारला फोन यायचा आणि मी म्हणायचे, चालू आहे. शनिवारी, निघायच्या आदल्या दिवशी, वसू पहिल्यांदा ध्रुपदाच्या शेवटी न घसरता पोचली आणि तिथे थांबली. धैवत जिथे असायला हवा तिथेच. मी श्वास धरून बसले होते. तेवढ्यात फोन वाजला.

"काय गं," अण्णा म्हणाले, "उद्या निघायचं. सामान बांधून झालं का तिचं?"

समोर वसूने पुन्हा पहिलं कडवं धरलं.

"अण्णा," मी म्हटलं, "आत्ता फोन ठेवा. वसू गातेय."